देवाच्या दरबारातील कवी

प्रास्ताविक

देव कोठे भेटतो, हा प्रश्न माणसाने फार प्राचीन काळापासून विचारला आहे. कोणी त्याला गिरिकंदरांत शोधले, कोणी तीर्थक्षेत्री, तर कोणी ग्रंथांत. महाराष्ट्रातील संतांनी या प्रश्नाला एक वेगळे उत्तर दिले. सावता माळ्याने मळ्यात, गोरा कुंभाराने चाकाजवळ आणि जनाबाईने जात्यापाशी देव पाहिला. नित्याचे काम हीच त्यांची पूजा होती. संतांच्या या परंपरेत वाढलेल्या एका कवीने पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला, तरी संतांची ही दृष्टी त्याने सोडली नाही. त्या कवीचे नाव नारायण वामन टिळक. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाचा परिचय करून दिला आहे.

टिळक हे आडनाव वाचताच आपल्याला लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांची आठवण होईल. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातील आणि जवळजवळ समकालीन होते. परंतु या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत, हे ध्यानात ठेवावे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• नारायण वामन टिळकांच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना सांगू शकाल.
• त्यांच्या ईश्वरविषयक विचारात झालेला बदल स्पष्ट करू शकाल.
• त्यांच्या शोधात लक्ष्मीबाई टिळकांचा वाटा कोणता, हे विशद करू शकाल.
• भक्ती आणि नित्याचे आचरण यांचा संबंध आपल्या शब्दांत मांडू शकाल.

मूळ पाठ

बालपण आणि भटकंती

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव या खेड्यात एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव करारी आणि तापट स्वभावाचे होते. आई जानकीबाई मात्र मृदू मनाची होती. तिला गाण्याची व कवितेची गोडी होती आणि तीच गोडी मुलात उतरली. परंतु आईचा सहवास नारायणाला फार काळ लाभला नाही. तो लहान असतानाच ती वारली. आई गेली आणि नारायणाच्या दृष्टीने घराचे घरपणच संपले. पुढे तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्याने संस्कृतचे अध्ययन केले. थोडेफार इंग्रजी शिक्षणही झाले. पण ते पुरे होऊ शकले नाही.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. वधूचे वय तेव्हा बारा वर्षांच्या आत होते. सासरी मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. हीच मुलगी पुढे मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रकार लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे प्रस्थ विलक्षण होते. बाजारातून आलेला जिन्नस, मग ते मीठ का असेना, धुतल्याखेरीज घरात घेतला जात नसे. या गोष्टीचा संबंध पुढे येणार आहे.

टिळकांचा स्वभाव अस्वस्थ होता. ते एका जागी फार दिवस राहत नसत. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, तर कधी पुराणिक म्हणून ते गावोगाव हिंडले. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. समोर कोणी गरजू दिसला, की खिशात असेल ते त्याच्या हातावर ठेवून ते मोकळे होत. घरी चूल पेटायची आहे, याचे भान त्यांना उरत नसे आणि ती चूल पेटवण्याची विवंचना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई.

सत्याचा शोध

या भटकंतीत त्यांचे मन एकाच विचाराने व्यापले होते. सर्व माणसांना एकत्र आणील असा धर्म कोणता? देव जर सर्वांचा पिता असेल, तर त्याच्या लेकरांमध्ये उच्चनीच भाव कोठून आला? आपला देश पुन्हा उभा राहावयाचा असेल, तर माणसामाणसांतील भिंती पडल्या पाहिजेत, असे त्यांना तीव्रतेने वाटे. जातिभेद आणि कर्मठपणा यांविषयी त्यांच्या मनात असमाधान वाढत गेले.

१८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचे संस्कृत ग्रंथांवरील काम चालू होते. पुढे नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असताना डब्यात त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. दोघांचे काव्याविषयी आणि धर्माविषयी बोलणे झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांना बायबलची एक प्रत दिली. टिळकांनी ती कुतूहलाने वाचावयास घेतली. प्रारंभी त्यांना त्यात विशेष रस वाटला नाही; परंतु येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते थबकले.

त्या प्रवचनात त्यांना असे काय आढळले? तेथे गहन तत्त्वचर्चा नव्हती. शत्रूवरही प्रेम करावे, दान गुप्तपणे द्यावे, दुसऱ्याचे दोष पाहण्याआधी स्वतःकडे पाहावे, असा साधा उपदेश होता. दाखले होते ते आकाशातील पाखरांचे आणि रानातील फुलांचे. पेरणी न करणाऱ्या पाखरांचे पोषण करणारा आणि क्षणभर फुलणाऱ्या फुलाला सजवणारा देव माणसाची काळजी वाहतो, हा त्याचा आशय होता. ज्या कवीला मुळातच फुलांचे आणि पाखरांचे वेड होते, त्याच्या अंतःकरणाला ही भाषा भिडली. एवढ्या मोठ्या देवाचा विचार इतक्या लहान वस्तूंतून करता येतो, याचा त्यांना जणू साक्षात्कार झाला.

मनाची तयारी होऊनही पाऊल उचलणे सोपे नव्हते. त्या काळी धर्मांतर करणे म्हणजे घर, नाती, जात आणि समाज या सर्वांना एकाच दिवशी मुकणे होते. पुष्कळ अंतर्गत संघर्षानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्यांनी आधी कळवले नव्हते.

दुरावा

ही बातमी लक्ष्मीबाईंना कळली, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत असून दुरावलेला, पदरी लहान मुलगा दत्तू आणि भोवती समाजाची कुजबुज अशी त्यांची अवस्था झाली. आप्तांनी त्यांना पंढरपूरला नेले. तेथे त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते. अक्षरओळख बेताची असूनही दुःखाच्या त्या दिवसांत त्यांच्या तोंडून कविता बाहेर पडू लागल्या.

इकडे टिळकही सुखी नव्हते. सर्व माणसांना जोडणारा धर्म शोधायला निघालेल्या माणसाचे स्वतःचे घरच दुभंगले होते. अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने ते अध्यापन आणि धर्मकार्य करू लागले होते. तेथून पत्नीला पत्रे जात. परंतु तिने येताच धर्म बदलावा, अशी अट त्यांनी घातली नाही. आपल्याला जे गवसले ते तिलाही गवसावे, ही त्यांची उत्कट इच्छा होती; पण तो मार्ग तिचा तिनेच चालावा, हेही त्यांनी मानले. रागीट आणि उतावळ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या टिळकांनी येथे मात्र विलक्षण धीर दाखवला. त्यांच्या नव्या श्रद्धेची पहिली खरी कसोटी प्रवचनात नव्हे, तर या वाट पाहण्यात लागली.

काही वर्षांच्या दुराव्यानंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पतीकडे आल्या. आल्या त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच. त्यांचा स्वयंपाक वेगळा आणि पाणीही वेगळे असे. एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले.

राहुरीचा प्रसंग

अहमदनगर जिल्ह्यातील राहुरी येथे टिळक कुटुंबाचे काही काळ वास्तव्य होते. तेथील ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक समाजाने अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले होते. मीठही धुऊन घेणाऱ्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना त्यांच्या शेजारी राहणे अवघड गेले. स्पर्श झाला तर काय, पाण्याला हात लागला तर काय, अशा चिंतेत त्यांचा दिवस जाई.

एके दिवशी मात्र त्यांच्या मनात विचारांचे मोठे मंथन सुरू झाले. पशूंच्या जाती निराळ्या आहेत, पक्ष्यांच्या निराळ्या आहेत. त्या डोळ्यांना दिसतात, तेव्हा त्या देवानेच केल्या असल्या पाहिजेत. पण माणसामाणसांत तसा भेद कोठे दिसतो? सर्वांना सारखीच भूक लागते, सारखेच दुःख होते, सर्व सारखेच जन्मतात आणि सारखेच मरतात. मग हा भेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्याच दिवशी सोवळे सोडले. कोणत्याही माणसाच्या हातचे अन्नपाणी घेण्यास आता त्यांची हरकत उरली नाही.

हा बदल कोणाच्या उपदेशाने झाला नव्हता. त्यासाठी त्यांनी ग्रंथ वाचले नव्हते, वादविवादही केला नव्हता. पाण्याचा हंडा, चूल आणि शेजारीण अशा रोजच्या गोष्टींचा विचार करता करता त्या या निर्णयाशी पोहोचल्या होत्या. टिळकांनी अनेक वर्षे हिंडून, वाचून आणि वाद घालून जे सत्य गाठले, ते लक्ष्मीबाईंना स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर भेटले. पुढे यथावकाश त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांचे घर सर्वांचे झाले. दुष्काळ आणि प्लेग यांनी महाराष्ट्र गांजलेला तो काळ होता. निराधार मुलांना या घरात आसरा मिळे. घरात पैशांची चणचण असे. तरीही पानावर एक माणूस वाढला म्हणून कुरकुर होत नसे.

मराठमोळी भक्ती

टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा मराठी ख्रिस्ती उपासनेवर पाश्चात्त्य पद्धतीची दाट छाया होती. बरीचशी गीते इंग्रजीतून भाषांतरित केलेली असत आणि ती पाश्चात्त्य चालींवर गायली जात. शेतात राबणाऱ्या, जात्यावर ओव्या गाणाऱ्या माणसाला ती गीते परकी वाटत. ती ओठांवर येत, पण काळजात उतरत नसत. देव नित्याच्या जीवनात भेटावयाचा असेल, तर त्याच्याशी बोलण्याची भाषाही नित्याचीच हवी, हे टिळकांनी ओळखले.

त्यांनी अभंग रचले, ओव्या रचल्या, भजने लिहिली. टाळ, मृदंग आणि वीणा यांची साथ घेऊन ते ख्रिस्तचरित्रावर कीर्तन करू लागले. ज्ञानेश्वर, नामदेव आणि तुकाराम यांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. किंबहुना तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची कृतज्ञ भावना होती. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त कधी माउली होतो, कधी सखा, तर कधी सद्गुरू. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मराठी मनाला ही नाती अनोळखी नव्हती. टिळकांच्या अभंगांचा संग्रह 'अभंगांजली' या नावाने प्रसिद्ध आहे.

याआधी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' हा ओवीबद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला होता. टिळकांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहावयास घेतले. रामायणाशी नाते सांगणारे हे नावच त्यांची भूमिका स्पष्ट करते. धर्म बदलल्याने माणसाची भाषा, माती आणि पूर्वज बदलत नाहीत, अशी त्यांची धारणा होती. 'प्रियकर हिंदिस्तान' या कवितेतून त्यांचे देशप्रेमही प्रकट झाले आहे.

१९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड टिळक म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले.

फुले आणि मुले

मराठी साहित्यात टिळकांची ओळख फुलामुलांचे कवी अशी आहे. आधुनिक मराठी कवितेच्या आरंभकाळात ज्या कवींनी निसर्ग आणि घरगुती जीवन हे विषय काव्यात आणले, त्यांत त्यांचे स्थान मोठे आहे. 'वनवासी फूल' या दीर्घकाव्यात त्यांनी कवी आणि रानातील फूल यांचा संवाद रंगवला. 'केवढे हे क्रौर्य' या कवितेत पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची आपल्या पिलांसाठी होणारी तगमग त्यांनी चित्रित केली. ही कविता वाचताना धर्माचे नावही आठवत नाही. आठवते ती फक्त करुणा. परंतु टिळकांच्या दृष्टीने करुणा आणि भक्ती या भिन्न गोष्टी नव्हत्या. जखमी पाखरासाठी ज्याचे डोळे पाणावत नाहीत, त्याच्या प्रार्थनेला त्यांच्या लेखी फारसा अर्थ नव्हता.

मुलांवरील त्यांचे प्रेमही असेच सक्रिय होते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे या तरुण कवीला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले आणि मुलासारखे वागवले. हा तरुण म्हणजेच मराठीतील थोर निसर्गकवी बालकवी होत. बालकवी धर्माने हिंदूच राहिले; त्यामुळे टिळकांच्या ममतेत काही उणे पडले नाही.

देवाचा दरबार

आयुष्याच्या उत्तरार्धात टिळकांचे मन पुन्हा अस्वस्थ झाले. आपण मिशनचे वेतन घेतो आणि ख्रिस्ताची सेवा करतो, ही गोष्ट त्यांना खटकू लागली. धर्म ही नोकरी होऊ नये, ती सहजवृत्ती असावी, असे त्यांना वाटत होते. पन्नाशी उलटलेली, शिल्लक काही नाही आणि संसार पाठीशी, अशा स्थितीत १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली. सातारा येथे राहून त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली.

या दरबाराचे स्वरूप आगळे होते. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही तेथे स्थान होते. मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. येथे मोठे मंदिर नव्हते, मानाच्या खुर्च्या नव्हत्या. माणसांनी बंधुभावाने एकत्र यावे, भजन करावे आणि एकमेकांची सेवा करावी, एवढीच अपेक्षा होती. अनेक सहधर्मीयांना ही कल्पना मानवली नाही. धर्मसंस्थेची शिस्त सैल होईल, अशी शंका त्यांना वाटली. टिळक मात्र ठाम राहिले. सर्व माणसांना एकत्र आणणारा धर्म कोणता, हा तरुणपणी पडलेला प्रश्न घेऊनच ते या टप्प्यावर आले होते.

हा प्रयोग रुजण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' अपुरेच राहिले होते.

ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना पतीनेच अक्षरे शिकवली होती आणि ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, त्यांनी उरलेले अध्याय ओव्यांत रचून पतीचे काम तडीस नेले. १९३४ पासून त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र चार भागांत प्रसिद्ध झाले. त्यात टिळकांचा राग, विसराळूपणा आणि भोळेपणा यांतले काहीही त्यांनी झाकून ठेवलेले नाही. दोघांची भांडणे, उपासमार आणि हसणेखिदळणे, सारेच तेथे आहे. तरीही पुस्तक मिटताना मनात रेंगाळते ती एका सच्च्या माणसाची प्रतिमा. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या.

आज टिळकांना जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून त्यांची गीते अजूनही गायली जातात. ज्यांचा धर्म वेगळा आहे, असे असंख्य वाचक त्यांच्या फुलांच्या आणि पाखरांच्या कवितांत रमतात. टिळकांचा मार्ग प्रत्येकाला पटेलच असे नाही. परंतु आपली श्रद्धा कोणतीही असो, तिची पारख आपण दाराशी आलेल्याला पाणी कसे देतो, यावरून होते, ही गोष्ट त्यांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराने दाखवून दिली आहे.

स्वाध्याय

१. डोंगरावरील प्रवचनातील कोणत्या गोष्टी टिळकांच्या कविमनाला भिडल्या? सकारण लिहा.
२. टिळकांच्या श्रद्धेची पहिली खरी कसोटी वाट पाहण्यात लागली, असे पाठात का म्हटले आहे?
३. राहुरी येथे लक्ष्मीबाईंच्या विचारांत झालेला बदल आपल्या शब्दांत वर्णन करा.
४. मराठी ख्रिस्ती उपासनेला टिळकांनी दिलेले वळण थोडक्यात स्पष्ट करा.
५. 'देवाचा दरबार' या कल्पनेविषयी आपले मत आठ ते दहा ओळींत लिहा.
६. आपण ज्या राज्यात राहता, तेथील भाषेत नित्याच्या कामात देव पाहणारे संत किंवा कवी होऊन गेले असतील. त्यांपैकी एकाची माहिती मिळवून मराठीत लिहा.